घरकामातून पैशांची ओळख : पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सुरुवात कशी करावी

घरातील कामांबद्दल मुलांना पैसे द्यावेत का, हा विषय निघाला की पहिला विरोध बहुधा आजी-आजोबांकडून होतो. 'घरचेच काम, त्याचे कसले पैसे?' हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मनाशी ठरवल्याखेरीज ही पद्धत सुरू करू नये. दुसऱ्या बाजूला, आजचे मूल दुकानात आई-वडिलांना फोनवर कोड स्कॅन करताना पाहते. पाकिटातून नोट निघालेली, गल्ल्यावरून सुटे परत आलेले त्याला क्वचितच दिसते, आणि पैसा ही फोनमध्ये असणारी, कधीच न संपणारी सोय आहे अशी त्याची समजूत होते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाव किलो साखर आणायला पाठवलेल्या मुलाला जे आपोआप समजत होते, ते आता मुद्दाम शिकवावे लागते. मोजक्या, ठरलेल्या कामांचा लहानसा मोबदला देणे हा त्याचा एक चांगला मार्ग आहे. पैसे मिळवण्याची गंमत मुलांना लगेच कळते. मिळालेले पैसे स्वतःच्या निर्णयाने खर्च करणे मात्र सावकाश शिकावे लागते, म्हणून पुढच्या क्रमात त्या भागाला अधिक जागा दिली आहे.

पायरी पहिली : कोणत्या कामाचे पैसे मिळणार नाहीत ते आधी ठरवा

सुरुवात बिनमोबदल्याच्या कामांपासून करावी. स्वतःचे अंथरूण काढणे, जेवलेले ताट उचलून मोरीत किंवा सिंकमध्ये नेणे, शाळेचा डबा आणि पाण्याची बाटली दप्तरातून बाहेर काढणे, खेळणी जागेवर ठेवणे, जेवणाच्या वेळी पाने आणि पाणी घेणे, चपला रांगेत लावणे ही घरात राहणाऱ्या प्रत्येकाची कामे आहेत. ती आई करते, बाबा करतात आणि म्हणून मूलही करते. त्यांना दर नसतो. आजी आजारी असताना तिच्या उशाशी पाणी नेऊन ठेवणे किंवा लहान भावंडाला थोडा वेळ सांभाळणे यांचे पैसे तर कधीच देऊ नयेत, मुलाने मागितले तरीही.

यामागे केवळ संस्कारांचा आग्रह नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस महिन्यांच्या बालकांना मोठ्यांना मदत केल्याबद्दल एखादी वस्तू बक्षीस दिली गेली, तेव्हा पुढे बक्षीस नसताना ती बालके इतरांपेक्षा कमी मदत करू लागल्याचे आढळले. जी मदत मूल आपण होऊन करते तिला किंमत लावली की त्यामागची आपुलकी कमी होण्याचा धोका असतो, आणि आजी-आजोबा नेमके हेच वेगळ्या शब्दांत सांगत असतात.

अभ्यास, गुण आणि चांगली वागणूक यांनाही या व्यवहारातून पूर्णपणे बाहेर ठेवावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा बालवाडीतील प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळात आवड होती, त्यांपैकी काहींना 'चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल' असे आधी सांगितले गेले, आणि काही दिवसांनी मोकळ्या वेळेत तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. पाढे पाठ केले की दहा रुपये, असे जाहीर करणाऱ्या पालकाने पुढच्या वर्षी वीस रुपयांची तयारी ठेवलेली बरी.

पायरी दुसरी : मोबदल्याची कामे निवडा

मोबदल्याच्या कामाला ठळक सुरुवात आणि ठळक शेवट असावा, ते रोजचे नसावे, मुलाच्या वयाला झेपणारे आणि सुरक्षित असावे, आणि ते मुलाने केले नाही तर घरातील दुसऱ्या कोणाला तरी खरोखर करावे लागणार असावे. शेवटची अट महत्त्वाची आहे. केवळ पैसे देता यावेत म्हणून शोधून काढलेले खोटे काम मुलांच्या लगेच लक्षात येते.

आपल्या घरांत अशी कामे पुष्कळ निघतात. मोड आलेले वाल सोलणे हे त्यांतील उत्तम काम आहे, कारण ते वेळखाऊ आहे, त्यात चाकू लागत नाही आणि बिरडे खाताना आपण काय केले ते मुलाला ताटात दिसते. मटारच्या शेंगा सोलणे, भाजलेल्या शेंगदाण्यांची साले काढून पाखडणे, लसणाच्या पाकळ्या सोलणे, पुस्तकांचे एक फडताळ रिकामे करून पुसून पुन्हा लावणे, स्कूटर किंवा सायकल पुसणे, कुंड्यांतील वाळलेली पाने काढणे ही आणखी काही. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत तर कामांना तोटाच नसतो. गॅस, विळी, शिडी, उकळते पाणी, फिनेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड यांच्याजवळ जावे लागेल असे कोणतेही काम या वयात देऊ नये.

रद्दीचे काम स्वतंत्रपणे सांगण्यासारखे आहे. वर्तमानपत्रे घड्या घालून रचणे, वह्या आणि पुठ्ठे वेगळे करणे, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून साठवणे, आणि मग मोठ्या माणसाबरोबर रद्दीवाल्याकडे जाऊन वजन होताना उभे राहणे, या सगळ्यात मुलाला किलोचा भाव, वजनकाटा, गुणाकार आणि रोख रक्कम एकाच वेळी समोर दिसतात. पैसे आई-बाबांच्या खिशातून येत नाहीत, बाहेरून येतात, ही त्यातील सर्वांत मोठी गोष्ट. रद्दीच्या रकमेतील किती हिस्सा मुलाचा हे आधीच ठरवावे, कारण नोटा हातात आल्यावर वाटणीची चर्चा सुरू केली तर ती शांतपणे होत नाही.

ज्या घरांत धुणे-भांडी, केर-फरशी करायला मावशी येतात, तिथे एक पथ्य पाळावे. मावशी जी कामे करतात त्यांना मुलांसाठी दर लावू नये. एक टेबल पुसण्याचे पाच रुपये मिळाले की मूल हिशेब करू लागते आणि मावशींच्या महिन्याच्या पगाराशी स्वतःच्या दराची तुलना करते. त्यातून एक तर स्वतःच्या कामाबद्दल भलती कल्पना तयार होते किंवा मावशींच्या कामाची किंमत त्याच्या नजरेत घसरते. मुलाने विचारलेच तर खरे ते सांगावे: मावशींच्या कामाच्या पैशांवर त्यांचे घर चालते, तुझे पैसे सरावासाठी आहेत. मावशींना किती पगार मिळतो आणि तो पुरेसा आहे का, असे मुलाने पुढे विचारले तर पालकांची थोडी पंचाईत होईल, पण तो प्रश्न टाळू नये.

मुलगा आणि मुलगी दोघेही घरात असतील तर कामाची यादी एकच असावी आणि दरही एकच असावेत. मुलीने भाजी निवडली तर ती 'मदत' आणि मुलाने स्कूटर पुसली तर ते 'काम', अशी विभागणी नकळत होते, म्हणून यादी लिहून झाल्यावर या नजरेने ती पुन्हा एकदा वाचावी.

पायरी तिसरी : दर ठरवा आणि भिंतीवर लावा

दर ठरवताना बाजारभावाचा विचार करण्याचे कारण नाही. आठवड्याला मुलाच्या हातात एकूण किती रक्कम यावी हे आधी ठरवावे आणि त्यावरून मागे येत कामांचे दर काढावेत. पहिली-दुसरीतील मुलाला आठवड्याला वीस ते तीस रुपये पुरतात; त्यात पेन्सिल, खोडरबर किंवा पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेता येतो, पण मनात आलेले सगळे घेता येत नाही. ही चणचण मुद्दाम ठेवायची असते. सगळेच परवडत असेल तर निवड करण्याची वेळ येत नाही.

तीस रुपयांच्या हिशेबाने पाच-पाच रुपयांची चार कामे आणि दहा रुपयांचे एक मोठे काम, एवढी यादी पुरे. एका पुठ्ठ्यावर कामाचे नाव, दर आणि 'काम पूर्ण झाले' याचा अर्थ लिहावा. 'फडताळ आवरणे' एवढेच लिहिले तर वाद ठरलेला. 'सर्व पुस्तके खाली काढणे, फळी ओल्या फडक्याने पुसणे, वाळल्यावर पुस्तके उभी लावणे' असे लिहिले तर काम झाले की नाही ते मूल स्वतःच तपासू शकते. ज्याला अजून नीट वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रे काढावीत.

काम अर्धवट झाले तर पैसे अर्धे करू नयेत. उरलेले काम दाखवावे आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबावे. काम करायचेच नाही असे मुलाने म्हटले तर ते मान्य करावे. पैसे मिळणार नाहीत एवढाच त्याचा परिणाम, त्यावर व्याख्यान नको.

पहिल्या पायरीतील कामे चुकली म्हणून दंड कापणे हा अनेक घरांत आवडता उपाय असतो, पण तो उलटतो. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी इस्राएलमधील हैफा येथील पाळणाघरांत केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना घ्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाली, आणि दंड रद्द केल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. आधी उशीर झाला की पालकांना संकोच वाटत असे. दंड सुरू झाल्यावर तोच उशीर विकत घेता येऊ लागला. अंथरूण न काढण्याचे दोन रुपये कापले, तर हिशेबी मूल एखाद्या थंडीच्या सकाळी ते दोन रुपये आनंदाने देईल.

पायरी चौथी : पैसे रोख, सुटे आणि ठरलेल्या वारी द्या

मुलाला वीसपर्यंत वस्तू मोजता येऊ लागल्या की नाण्यांची ओळख करून द्यावी. एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी समोर ठेवून 'पाचाचे एक म्हणजे एकाची पाच' अशी अदलाबदल बरेच दिवस खेळू द्यावी. लहान मुलांना नाण्यांची संख्या दिसते, किंमत दिसत नाही. दहाच्या एका नाण्यापेक्षा एकाची चार नाणी त्यांना अधिक वाटतात, आणि ही समजूत समजावून सांगून जात नाही, हाताळूनच जाते. नोटांची ओळख चित्रांवरून सोपी होते: वीस रुपयांच्या हिरवट पिवळ्या नोटेवर आपले वेरूळ आहे, पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपी आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. प्रत्येक नोटेच्या मागच्या बाजूस भाषांच्या पट्टीत मराठीतील किंमत शोधायला लावावी. आजोबांच्या डब्यात चार आण्याचे नाणे सापडले तर ते ३० जून २०११ नंतर व्यवहारात चालत नाही, आणि दहा रुपयांचे नाणे एखाद्या दुकानदाराने नाकारले तरी ते वैध आहे, असे रिझर्व्ह बँकेने वारंवार स्पष्ट केले आहे, हेही ओघात सांगता येते.

पैसे देण्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवावा. शनिवारी संध्याकाळ किंवा रविवारी सकाळ सोयीची पडते, कारण त्यानंतर दुकानात जाता येते. प्रत्येक कामानंतर लगेच पैसे दिल्यास मूल एकेका नाण्याच्या मागे लागते. महिन्याने दिल्यास काम आणि पैसे यांचा संबंध त्याला जुळवता येत नाही. पालकांनी हा वार चुकवू नये. 'सुटे नाहीत, पुढच्या आठवड्यात देतो' हे वाक्य सलग दोनदा ऐकलेल्या मुलाला उधारीबद्दल जे शिकायला मिळते ते आपल्याला शिकवायचे नसते, म्हणून त्या वारासाठी सुटे आधीच जमवून ठेवावेत.

पायरी पाचवी : दोन डबे आणि एक वही

मातीचा गल्ला दिसायला छान असतो, पण सुरुवातीसाठी तो गैरसोयीचा आहे. त्यात टाकलेले पैसे दिसत नाहीत, मोजता येत नाहीत आणि काढायचे तर तो फोडावा लागतो. त्यापेक्षा झाकणाच्या दोन पारदर्शक बरण्या घ्याव्यात, एक खर्चाची आणि एक साठवणीची. पैसे मिळाल्यावर कोणत्या बरणीत किती टाकायचे ते मुलाने ठरवावे. सुरुवातीला निम्मे-निम्मे सुचवावे, पण सक्ती नको. दानधर्मासाठी तिसरी बरणी ठेवण्याची सूचना काही जण करतात. ठरावीक हिस्सा बाजूला काढायला लावून दातृत्व येते असे मला वाटत नाही. मुलाला एखाद्या वेळी द्यावेसे वाटले तर तो खर्चाच्या बरणीतून देईलच.

साठवण कशासाठी, हे ठरलेले असावे आणि पहिले उद्दिष्ट जवळचे असावे. आठवड्याला पंधरा रुपये बाजूला पडत असतील तर पंचेचाळीस रुपयांची वस्तू तीन आठवड्यांत येते, आणि सहा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे हा पुष्कळ मोठा काळ असतो. त्याच हिशेबाने सहाशे रुपयांच्या खेळण्याला चाळीस आठवडे लागतील. तोवर ते खेळणे त्याच्या मनातूनच उतरलेले असेल. वस्तूचे चित्र बरणीवर चिकटवावे आणि दर आठवड्याला किती उरले ते वजाबाकी करून काढायला लावावे.

वाचता-लिहिता येऊ लागले की शंभर पानी वही द्यावी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक, एवढे तीन शब्द पुरेत. महिन्यातून एकदा वहीतील शिल्लक आणि बरण्यांतील पैसे जुळवून पाहावेत. ते बहुधा जुळत नाहीत. दोन-तीन रुपयांचा फरक कुठे गेला हे शोधायला पाच मिनिटे द्यावीत आणि सापडला नाही तर 'फरक' असे लिहून पुढे जावे. या वयात हिशेबाची भीती बसण्यापेक्षा थोडी चूक राहिलेली चालते.

पायरी सहावी : खर्च करू द्या

पालकांना सर्वांत जड जाणारी पायरी हीच आहे. खर्चाच्या बरणीतील पैसे मुलाचे आहेत असे एकदा म्हटले की ते कशावर खर्च करायचे हे मुलाने ठरवायचे. आरोग्याला किंवा सुरक्षेला बाधक वस्तू चालणार नाहीत, एवढी हद्द आधी सांगावी. त्यापलीकडे 'हे काय घेतलेस', 'दोन दिवसांत मोडेल' अशी शेरेबाजी करू नये. ते प्लास्टिकचे खेळणे दोन दिवसांत मोडेलच, आणि दहा रुपयांत मिळालेला हा धडा पुढे दहा हजारांच्या खरेदीत उपयोगी पडेल. मोडलेल्या वस्तूच्या बदल्यात नवी घेऊन देऊ नये. रडू आले तर जवळ घ्यावे, पण पाकीट काढू नये.

दुकानात मुलाने स्वतः किंमत विचारावी, स्वतः पैसे द्यावेत आणि परत आलेले सुटे मोजून घ्यावेत. काउंटरवर गर्दी नसलेली वेळ निवडावी, म्हणजे मागून कोणी घाई करणार नाही. पाकिटावर छापलेली कमाल किंमत कुठे असते ते दाखवावे, एकाच पेन्सिलचा सुटा भाव आणि दहाच्या डब्यातील भाव काढून पाहावा, आणि आठवड्याच्या बाजारात घासाघीस होते, मॉलमध्ये होत नाही, हा फरकही त्याला पाहू द्यावा.

कधीतरी मूल उचल मागेल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकदा ती द्यायला हरकत नाही, परंतु ती एका आठवड्याच्या कमाईपेक्षा अधिक नसावी, वहीत लिहिलेली असावी आणि पुढील दोन आठवड्यांत कापून घेतली जावी. कापून घेण्याच्या दिवशी मूल हमखास हिरमुसते, कारण वस्तू केव्हाच जुनी झालेली असते आणि काम मात्र नव्याने करावे लागलेले असते. कर्ज म्हणजे काय, ते त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी देऊ नये.

ओवाळणी, वाढदिवस आणि गावाहून आलेले काका

ही सर्व घडी विस्कटते ती सणासुदीला. आठवडाभर वाल सोलून वीस रुपये मिळवणाऱ्या मुलीच्या हातात भाऊबीजेला पाचशेची नोट पडते आणि निघताना मामा आणखी शंभर रुपये खिशात कोंबतो. नातेवाइकांना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, कारण ते पैसे प्रेमाचे आहेत. मात्र भेटीचे पैसे आणि कामाचे पैसे एकाच बरणीत जाऊ देऊ नयेत. भेटीच्या रकमेतील थोडा भाग मुलाला लगेच वापरायला द्यावा आणि उरलेला त्याच्या नावे खात्यात भरावा. 'आम्ही ठेवतो' म्हणून घेतलेले आणि पुन्हा कधीही न दिसलेले ओवाळणीचे पैसे अनेक मोठ्या माणसांच्या अजून स्मरणात आहेत, म्हणून भरल्याची पावती किंवा पासबुकातील नोंद मुलाला दाखवावी.

पायरी सातवी : बँक किंवा पोस्टातील खाते

रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार कोणत्याही वयाच्या अल्पवयीन मुलाचे बचत किंवा मुदत ठेव खाते पालकामार्फत उघडता येते आणि आईही पालक म्हणून ते उघडू शकते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत आणि अटींवर, स्वतः खाते उघडून चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. अशा खात्यात शिल्लक नेहमी जमेचीच राहावी लागते. स्टेट बँकेच्या 'पहली उडान' खात्यासाठी मुलाला एकसारखी सही करता येणे आवश्यक असते, तेव्हा खाते उघडण्यापूर्वी काही दिवस त्याच्याकडून सहीचा सराव करून घ्यावा. पोस्टाचे बचत खातेही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने उघडता येते आणि त्यासाठी सुरुवातीला पाचशे रुपये भरावे लागतात. त्यावर बरीच वर्षे द. सा. द. शे. ४ व्याज मिळत आले आहे, म्हणजे वर्षभर ठेवलेल्या पाचशे रुपयांचे वीस रुपये होतात. हे वीस रुपये पाहून मूल निराश होण्याची शक्यता असते, कारण तेवढे तर त्याने दोन दुपारी शेंगदाणे सोलून मिळवलेले असतात. तेव्हा त्याच दराने पाच हजारांचे किती होतील, ते त्यालाच वहीत काढायला सांगावे.

खाते सुरू झाल्यानंतर कामांची यादी हळूहळू आटोपती घ्यावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घरातील बहुतेक कामे करता येतात आणि त्यातील प्रत्येकाला दर लावत बसणे शोभत नाही, त्यामुळे पाच रुपयांची कामे बिनमोबदल्याच्या यादीत हलवावीत. त्याऐवजी महिन्याला एक ठरावीक रक्कम द्यावी आणि तिच्यातून वह्या-पेन, मित्रांच्या वाढदिवसाच्या भेटी, सायकलची किरकोळ दुरुस्ती असे एक-दोन खरे खर्च त्याच्याकडे सोपवावेत. रद्दीचे काम मात्र त्याच्याकडेच राहू द्यावे.